जुनी रेंज रोव्हर : दुरुस्त करावी की विकावी?

सायकलची ट्यूब पंक्चर झाली म्हणून कोणी सायकल भंगारात देत नाही. दुकानदार ट्यूब फुगवतो, पाण्याच्या घमेल्यात बुडवतो, बुडबुडे कोठून येतात ते पाहतो, ठिगळ लावतो आणि दहा मिनिटांत सायकल पुन्हा रस्त्यावर येते. परंतु ज्या यंत्रात हजारो भाग आहेत आणि त्यांपैकी शेकडो एकाच वेळी म्हातारे होत आहेत, अशा यंत्राचे काय? ते दुरुस्त करीत राहावे की नाही, यावर घरोघरी वाद होतात. मोठी माणसे तो पैशांचा प्रश्न समजतात. पैशांचा तो आहेच, पण त्याच्या मुळाशी रसायनशास्त्र आहे, पदार्थविज्ञान आहे आणि थोडे गणितही आहे.

उदाहरणादाखल आपण एक मोठी, महागडी मोटार घेऊ. तिचे नाव रेंज रोव्हर. इंग्लंडमधील सॉलिहल येथील कारखान्यातून पहिली रेंज रोव्हर १९७० साली बाहेर पडली. शेतातल्या चिखलातूनही जावे आणि हमरस्त्यावरही सुखाने धावावे, अशी तिची कल्पना होती. आज जिला आपण ‘एसयूव्ही’ म्हणतो त्या जातीची ही एक आद्य गाडी. मात्र ती आतून अगदी साधी होती. आसने प्लॅस्टिकच्या कापडाची, आणि तळ असा की पाण्याची नळी सोडून धुऊन काढावा! चाकांवर पोलादी वेटोळ्याच्या स्प्रिंगा होत्या. पुढे तिच्यात कातडी आसने आली, वातानुकूलन आले, आणि १९९२ साली पोलादी स्प्रिंगांच्या जागी हवेच्या स्प्रिंगा आल्या. २००२ साली बाजारात आलेल्या तिसऱ्या पिढीचे वजन तर सुमारे अडीच टन भरते आणि तिच्या पोटात अनेक लहानमोठे संगणक आहेत.

२००८ साली टाटा मोटर्सने ही कंपनी विकत घेतली आणि २००९ मध्ये मुंबईत तिचे दालन सुरू झाले. तेव्हा हौसेने घेतलेल्या गाड्या आता पंधरा वर्षांच्या पुढे गेल्या आहेत. आपल्या देशात खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर आर. टी. ओ. कडून तपासणी करून घ्यावी लागते, आणि गाडी पसंतीस उतरली तर नोंदणी पाच वर्षांनी वाढते. म्हणजे गाडीचा मालक नेमका याच वेळी पेचात सापडतो. तपासणीपूर्वी पैसे घालून गाडी नीट करावी, की आता तिला निरोप द्यावा?

गाडी सकाळी एका बाजूला का कलते?

या वयाच्या रेंज रोव्हरची एक नेहमीची तक्रार असते. रात्री गाडी सरळ उभी केलेली असते. सकाळी पाहावे तर एका कोपऱ्यावर ती बसलेली दिसते, पाय दुमडलेल्या उंटासारखी. असे का होते?

हवेची स्प्रिंग म्हणजे जाड रबरी फुगा. चारही चाकांपाशी एकेक फुगा असतो. एक छोटा काँप्रेसर त्यांत हवा भरतो, व्हॉल्व्ह ती हवा हवी त्या फुग्याकडे सोडतात, प्रत्येक चाकापाशी उंची मोजणारे एक उपकरण असते, आणि या सगळ्यांवर एक संगणक देखरेख करतो. हवा वाढवली की गाडी उचलली जाते, कमी केली की खाली बसते. फुग्यावर केवढा भार येतो ते पाहा. अडीच टन चार चाकांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ६०० किलोग्रॅम येतात. फुग्याचा भार घेणारा भाग १२ सेंटीमीटर व्यासाचा धरू. त्याचे क्षेत्रफळ होईल सुमारे ११३ चौरस सेंटीमीटर. ६०० ला ११३ ने भागले की दर चौरस सेंटीमीटरला ५.३ किलोग्रॅम इतका दाब निघतो. साध्या मोटारीच्या टायरमधील दाबाच्या दुपटीहून तो अधिक आहे. हा दाब रबराने रात्रंदिवस धरून ठेवायचा. गाडी धावत असो वा उभी, त्याला सुट्टी नाही!

आता रबराचा स्वभाव पाहू. रबराचा रेणू म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या अणूंची लांबच लांब साखळी. या साखळीत ठिकठिकाणी दोन कार्बन अणूंमध्ये दुहेरी बंध असतो. हवेत ओझोन नावाचा वायू अगदी अल्प प्रमाणात असतो. मोटारींच्या धुरातील वायूंवर ऊन पडले की तो जमिनीलगतही तयार होतो. हा ओझोन नेमका त्या दुहेरी बंधावर हल्ला चढवतो आणि साखळी तुटते. रबर सैल पडलेले असेल तर नुकसान पृष्ठभागापुरते राहते. परंतु ते ताणलेले असेल तर तुटलेल्या जागी भेग उघडते, आतले ताजे रबर उघडे पडते, आणि ओझोन आणखी आत शिरतो. कारखानदार रबरात मेण आणि ओझोनरोधक द्रव्ये मिसळतात, पण ती वर्षानुवर्षे झिरपत संपून जातात. हवेच्या स्प्रिंगेचा फुगा खालच्या टोकाला मोज्यासारखा दुमडलेला असतो. गाडी वरखाली होताना ती घडी सतत सरकते. भेगा पडतात त्या तिथेच.

हे तुम्हाला घरी पाहता येईल. साध्या रबराची दोन नवी रबरबँड घ्या. एक लाकडी पट्टीवर चांगले ताणून बसवा, दुसरे सैलच ठेवा. दोन्ही गॅलरीत सावलीला, पण मोकळ्या हवेत ठेवा. काही आठवड्यांनी ताणलेल्या रबराकडे भिंगातून पाहा. ताणाच्या दिशेला काटकोनात बारीक चिरा दिसतील. सैल रबर मात्र बरेच शाबूत असेल.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. गाडीचे म्हातारपण दोन घड्याळांवर मोजावे लागते. एक घड्याळ किलोमीटरचे. ब्रेकचे गुटके, टायर, बेअरिंगे त्यानुसार झिजतात. दुसरे घड्याळ कॅलेंडरचे. रबर, प्लॅस्टिक, तारांवरची आवरणे, रंग ही सारी गाडी दारात उभी असतानाही म्हातारी होत असतात. ‘गाडी पंधरा वर्षांची आहे, पण फक्त वीस हजार किलोमीटर चालली आहे’ अशा जाहिरातीने म्हणूनच हुरळून जाऊ नये. दुसरे घड्याळ एक दिवसही थांबलेले नसते.

एक बिघाड दुसऱ्याला बोलावतो

फुग्याला सुईच्या अग्राएवढी भेग पडली. मालकाला वाटते, फारसे काही बिघडले नाही. गाडी सुरू केली की दोन मिनिटांत सरळ होते. पण ती सरळ कोण करतो? काँप्रेसर. जेथे त्याला अधूनमधून थोडा वेळ चालायचे होते, तेथे तो आता पुन्हा पुन्हा चालू लागतो. तो तापतो, त्याच्या दट्ट्याची कडी झिजते, मग तेवढीच हवा भरायला त्याला आणखी वेळ लागतो, म्हणून तो आणखी तापतो.

याहून गमतीचा भाग पुढेच आहे. काँप्रेसरने ओढलेल्या हवेत बाष्प असते. ते टिपून घेण्यासाठी वाटेत शोषक गोळ्यांची एक डबी बसवलेली असते. गोळ्या बाष्पाने भरून गेल्या तर? त्यासाठी युक्ती केलेली आहे. गाडी खाली बसवताना फुग्यांतील कोरडी हवा त्याच डबीतून उलटी बाहेर जाते आणि जाता जाता गोळ्यांतील ओलावा घेऊन जाते. पण फुगाच फुटका असेल तर हवा भेगेतूनच निघून जाते, डबीतून परत येतच नाही. गोळ्या ओल्याच राहतात. मग दमट हवा पुढे व्हॉल्व्हपर्यंत पोचते आणि तेथे गंज धरू लागतो. मुंबईच्या पावसाळ्यात हे किती लवकर होत असेल याची कल्पना करा.

आता समजा, काँप्रेसर जळाला आणि मालकाने महागडा नवा बसवला, पण फुटका फुगा तसाच ठेवला. नव्या काँप्रेसरची गतही थोड्याच काळात जुन्यासारखी होणार. म्हणून चांगला मेकॅनिक आधी साबणाचे पाणी घेऊन सगळ्या फुग्यांवर आणि सांध्यांवर शिंपडतो व बुडबुडे शोधतो. लाखो रुपयांच्या गाडीचा हा रोग शोधायला सायकलवाल्याचीच विद्या कामी येते. तसेच विजेचे. बॅटरी अशक्त झाली की पुरेसा दाब न मिळाल्याने संगणक गोंधळतात आणि एकदम पाचसहा सूचना-दिवे पेटतात. तेव्हा पाच भाग बदलण्याआधी बॅटरी तपासणे शहाणपणाचे.

साखळीचे गणित

समजा, गाडी वर्षभर विनातक्रार चालायला ५० महत्त्वाचे भाग शाबूत राहावे लागतात. यातला एक जरी बिघडला तरी गाडी गॅरेजमध्ये. प्रत्येक भाग वर्षभर टिकण्याची शक्यता ९९ टक्के असेल, तर सगळी गाडी टिकण्याची शक्यता किती? घाईने ‘९९ टक्के’ म्हणू नका. ०.९९ या संख्येला स्वतःनेच गुणत ५० वेळा घ्या. उत्तर येते सुमारे ०.६१, म्हणजे ६१ टक्के. आता भाग थोडे म्हातारे होऊ द्या. प्रत्येकाची शक्यता ९९ वरून फक्त ९७ वर आली, तर उत्तर घसरते सुमारे ०.२२ वर! प्रत्येक भाग पाहावा तर चांगलाच वाटतो, पण गाडी मात्र पाचातून चार वर्षी काहीतरी दुखणे काढते. पहिल्या साध्या रेंज रोव्हरपेक्षा नंतरच्या आलिशान गाडीत भाग जास्त, म्हणजे साखळीतल्या कड्या जास्त, हेही ध्यानात घ्या.

दुरुस्तीचा खरा प्रश्न येथे सुरू होतो. या ९७ टक्केवाल्या गाडीचा एक भाग बदलून आपण अगदी अमर भाग बसवला असे धरू. आता ४९ वेळा गुणायचे. उत्तर ०.२२ च्या जागी येते ०.२२५. पैसे गेले, गाडी जवळजवळ होती तेथेच राहिली.

पण दुसरी गाडी पाहा. हिचे ४९ भाग ९९ टक्क्यांचे, धडधाकट आहेत. एकच भाग, समजा तो फुटका फुगा, रोगट आहे आणि त्याची शक्यता ५० टक्के आहे. हिचे उत्तर येते सुमारे ०.३१. तो एक भाग बदलून ९९ टक्क्यांचा बसवला की उत्तर एकदम ०.६१ वर जाते. तेवढ्याच खर्चात गाडीची विश्वासार्हता दुप्पट झाली!

दोन्ही गाड्या गॅरेजमध्ये सारख्याच दिसतात. दोन्ही कललेल्या, दोघींचे बिलही सारखेच. तरीही एकीची दुरुस्ती फायद्याची आणि दुसरीची नाही. म्हणून ‘दुरुस्तीला किती पडतील?’ हा पहिला प्रश्न नव्हे. पहिला प्रश्न असा, की हा एका दुबळ्या कडीचा बिघाड आहे की सगळीच साखळी गंजली आहे?

हे ओळखण्यासाठी यंत्रशास्त्रात एक आलेख काढतात. आडव्या रेषेवर यंत्राचे वय, उभ्या रेषेवर बिघाडांचे प्रमाण. सुरुवातीला आलेख उंच असतो, कारण कारखान्यातील दोष पहिल्या काही महिन्यांत बाहेर पडतात. मग तो खाली येऊन अनेक वर्षे सपाट चालतो, आणि अखेरीस पुन्हा वर चढतो. आकार अंघोळीच्या टबासारखा, म्हणून त्याला ‘बाथटब वक्र’ म्हणतात. गाडी सपाट भागावर असेल तर बिघाड हा अपघात समजावा. ती चढावर असेल तर बिघाड हा क्रम असतो. प्लॅस्टिकची पाण्याची टाकी बदलताना शेजारचा कडक झालेला नळ तुटला, नळ बदलताना तारेचा ठिसूळ जोड मोडला, असे होऊ लागले की चढ लागला म्हणून समजावे.

पैशांची बाजू

मालक म्हणतात, ‘गेल्या वर्षी चार लाख घातले, आता कशी विकू?’ हा युक्तिवाद फार प्रचलित आहे आणि पूर्णपणे चुकीचा आहे. ते चार लाख गाडी ठेवली तरी परत येत नाहीत आणि विकली तरी येत नाहीत. दोन्हीकडे जी गोष्ट सारखी आहे ती हिशेबातून कटते, जशी समीकरणाच्या दोन्ही बाजूंची समान संख्या कटते. मोठमोठी सरकारेही या मोहात सापडतात. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी ध्वनीपेक्षा वेगाने उडणारे काँकॉर्ड विमान बनवले. त्याचा खर्च अंदाजाच्या कितीतरी पट वाढला, धंद्याच्या दृष्टीने ते परवडणार नाही हे दिसू लागले, तरी काम पुढे चालूच राहिले. १९६९ साली ते प्रथम उडाले, १९७६ ते २००३ या काळात त्याने प्रवासी नेले, पण विमान कंपन्यांकडे मिळून अवघी १४ विमाने गेली. यावरून या विचारदोषाला ‘काँकॉर्डचा तर्कदोष’ असे नावच पडले.

मग हिशेब कसा करावा? पुढच्या दोन वर्षांचा करावा. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. जुनी गाडी आहे तशी विकली तर ५ लाख येतात. दुरुस्तीला आता ३ लाख लागतील, शिवाय दर वर्षी दीड लाख. दोन वर्षांनी ती ४ लाखांना जाईल. म्हणजे दोन वर्षांत किमतीतील घट १ लाख, दुरुस्ती ३ लाख आणि वार्षिक खर्चाचे ३ लाख, एकूण ७ लाख, वर्षाला साडेतीन. यात अडकलेल्या ८ लाखांवर ७ टक्क्यांनी ५६ हजार व्याज बुडते. बेरीज ४ लाख ६ हजार.

दुसरीकडे २० लाखांची मध्यम आकाराची नवी गाडी. दोन वर्षांनी किंमत १४ लाख, म्हणजे वर्षाला घट ३ लाख. देखभाल ३० हजार. व्याज १ लाख ४० हजार. बेरीज ४ लाख ७० हजार. विमा वगैरे दोन्हीकडे सारखाच धरू. जुनी ६४ हजारांनी स्वस्त पडली.

पण पेट्रोल? वर्षाला ६,००० किलोमीटर चालवायचे असेल आणि जुनी गाडी लिटरला ५ व नवी १२ किलोमीटर जात असेल, तर जुनीला १,२०० लिटर लागते, नवीला ५००. लिटरला १०० रुपये धरले तर फरक ७० हजारांचा. नवी गाडी सहा हजारांनी पुढे गेली! गाडी वर्षाला २,००० किलोमीटरच चालत असेल तर मात्र पेट्रोलचा फरक सुमारे २३ हजारांवर येतो आणि जुनी पुन्हा जिंकते.

आता दीड लाखाच्या जागी वार्षिक दुरुस्ती ३ लाख घालून पाहा, मग ७५ हजार घालून पाहा. पहिल्या हिशेबात जुनी साफ हरते, दुसऱ्यात सहज जिंकते. म्हणजे सगळे या एका आकड्यावर ठरते, आणि हा आकडा कोठून येतो? तो गाडी टबाच्या सपाटीवर आहे की चढावर, यावरून येतो. मोठ्या गाडीत बसण्याच्या सुखाची किंमत मात्र गणिताने निघत नाही. ती ज्याची त्याने वेगळी लिहावी, पण लिहावी. दुरुस्तीच्या बिलात लपवू नये.

काही गोष्टींना हा हिशेब लागू नाही. ब्रेकच्या पोलादी नळ्या गंजल्या असतील, स्टिअरिंगचे सांधे सैल झाले असतील, तर ते दुरुस्त करावे नाहीतर गाडी उभी करावी. तिसरा मार्ग नाही. गंज मुख्य सांगाड्यात शिरला असेल तर निर्णय सोपा असतो. तिसऱ्या पिढीच्या रेंज रोव्हरला स्वतंत्र चासी नाही. शरीर आणि सांगाडा एकच आहे. काँप्रेसर बदलता येतो, सांगाडा बदलणे म्हणजे गाडीच बदलणे. समुद्रकाठच्या गाडीचा तळ म्हणूनच आधी पाहावा, इंजिन नंतर.

फुग्यांच्या बाबतीत काही मालक मधला मार्ग काढतात. हवेची सगळी व्यवस्था काढून तेथे पुन्हा पोलादी स्प्रिंगा बसवतात. गाडीची उंची बदलण्याची सोय जाते, थोडे सुखही जाते. पण फुगे, काँप्रेसर, व्हॉल्व्ह, उंची मोजणारी उपकरणे अशा कितीतरी कड्या साखळीतून एकदम कमी होतात. १९७० ची साधी युक्ती अशी कधीकधी परत येते.

तुमच्या घरी रेंज रोव्हर नसेल, पण पाण्याचा पंप, फ्रीज किंवा स्कूटर तर असेल. तिची जुनी बिले शोधून काढा आणि आलेखाच्या कागदावर प्रत्येक वर्षाचा खर्च एकेका ठिपक्याने दाखवा. बिलावर कोणता भाग बदलला तेही लिहून ठेवा. एखादाच ठिपका उंच आणि बाकीचे खाली असतील, तर ती एक दुबळी कडी होती. ठिपके पायऱ्यांसारखे वर चढत असतील आणि दर वेळी निराळाच भाग बदललेला असेल, तर घरच्यांना तो कागद दाखवा, पुढचे बिल येण्याआधी.